आजोळ कुवेतचं, मूल कुणाचंच नाही : एका बिदून घराचं प्रकरण

आई कुवेती, वडील बिदून, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेले, मुलं तीन. थोरली मुलगी, पाठचे दोन मुलगे. राहायला सुलैबियात, शहराबाहेरच्या सरकारी बैठ्या घरांत. शुक्रवारी सगळे आजोळी जातात. तिथे मामाची मुलं असतात, साधारण याच वयाची. मछबूसच्या, म्हणजे मसालेदार मांस-भाताच्या, एकाच मोठ्या ताटाभोवती सगळी पोरं बसतात. भाषा एक, बोलण्याची ढब एक, आजी एकच. जेवण झाल्यावर मामाची मुलं जशी कुवेतची नागरिक म्हणून उठतात, तशी ही तिघं उठत नाहीत. सरकारदरबारी त्यांचं नाव 'बेकायदेशीर रहिवासी'. मामीचा देश कोणताही असता, तरी मामाची मुलं कुवेतीच ठरली असती, कारण मामा पुरुष आहे. बहीण त्याच आईबापांच्या पोटची, त्याच अंगणात वाढलेली. पण ती आपल्या मुलांना देश देऊ शकत नाही.

हे घर म्हणजे एखादं विशिष्ट कुटुंब नव्हे. मानवी हक्क संघटनांचे अहवाल, कुवेतचा कायदा आणि आश्रयाच्या खटल्यांतले निवाडे वाचताना जी रचना पुन्हा पुन्हा भेटते, ती एका छताखाली आणून मांडली आहे. माणसं नमुन्यादाखल, कलमं मात्र खरी.

'बिदून' म्हणजे 'विना'. पूर्ण शब्द 'बिदून जिन्सिया', म्हणजे नागरिकत्वाविना. बोलता बोलता पुढचा शब्द गळून पडला आणि लाखभर माणसांच्या नावाला नुसतं 'विना' चिकटलं. 'जिन्सिया' ज्या 'जिन्स'वरून आला, तो आपल्याही घरात आहे: वाण्याच्या यादीतला 'जिन्नस' तोच, फारसीच्या वाटेने आलेला. अरबीत जिन्स म्हणजे प्रकार, वंश; आणि आजच्या बोलण्यात लिंग, म्हणजे बाई की पुरुष, हेही. कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेचं २९ वं कलम सांगतं, की 'जिन्स', मूळ, भाषा किंवा धर्म यांवरून माणसामाणसांत भेद करायचा नाही. इंग्रजी भाषांतरात तिथे 'वंश' असं लिहितात. मला या एका शब्दापाशी थांबावंसं वाटतं, कारण या घराचं सगळं दुखणं त्यात आहे. जिन्सिया मिळणार की नाही हे जिन्स ठरवतो, आणि घटनेतल्या समतेच्या कलमातही तोच शब्द बसलेला आहे.

आता थोडं मागे. कुवेत १९६१ साली स्वतंत्र झालं. नागरिकत्वाचा कायदा त्याआधी दोन वर्षं, १९५९ मध्ये झाला. १९२० पूर्वीपासून ज्यांची वस्ती तिथे होती आणि कायदा येईपर्यंत टिकली, ते मूळ कुवेती. शहराच्या तटबंदीआतल्या व्यापारी घरांना हे दाखवणं सोपं होतं. उंट-मेंढ्यांमागे फिरणाऱ्या शम्मर, अनेझा, धफीर या टोळ्यांनी काय दाखवायचं? त्यांची कुरणं आजच्या कुवेत, इराक आणि सौदी अरेबियात पसरलेली. सीमा मागाहून आल्या. नोंदणीची कचेरी शहरात, माणसं वाळवंटात, अक्षरओळख नाही, आणि या कागदाचं पुढे काय होणार हे सांगायला कुणी नाही. त्या काळात कुवेतच्या बाजारात आपला रुपया चालायचा. दिनार आला १९६१ मध्ये. रुपयात मेंढ्या विकून पुन्हा वाळवंटात जाणाऱ्या माणसाला 'तू कोणत्या देशाचा' हा प्रश्न पडला नसेल, तर त्यात त्याचा काय दोष?

आपल्याकडे भटक्या-विमुक्त जमातीच्या माणसाला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचे आजोबा पालं ठोकत गावोगाव फिरले, त्याने कोणत्या तलाठ्याकडे जायचं? हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना कुवेतच्या १९२० ची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. बिदूनांना पुढे आणखी एक वर्ष दाखवायला सांगितलं गेलं: १९६५ च्या जनगणनेत तुमचं घर होतं का?

सुरुवातीची पंचवीस वर्षं हा प्रश्न फारसा टोचला नाही. बिदून मुलं सरकारी शाळांत जायची, दवाखाने खुले होते, सैन्यात आणि पोलिसांत तर त्यांचाच मोठा भरणा होता. सरकारी आकडेवारीतही त्यांना कुवेतींतच मोजत. १९८६ च्या सुमारास वारं फिरलं. इराण-इराक युद्ध पेटलेलं, तेलाचे भाव पडलेले, देशात घातपात झालेले. सरकारने बिदूनांना परकीयांच्या कायद्याखाली आणलं आणि ते रातोरात 'बेकायदेशीर' झाले. शाळा बंद, नोकऱ्या जायला लागल्या. १९९० मध्ये इराकने आक्रमण केलं तेव्हा कुवेतसाठी लढलेल्यांत बिदून होते. मुक्तीनंतर संशयही त्यांच्यावरच आला. जे जीव वाचवायला बाहेर पडले, त्यातल्या अनेकांना परत येऊ दिलं नाही. युद्धापूर्वी अंदाजे अडीच लाख असलेली वस्ती निम्म्याच्या आसपास आली. आज ती लाखाच्या वर धरतात.

सरकारची बाजूही सांगायला हवी. त्याचं म्हणणं, यातले बहुतेक इराक, सीरिया, सौदी अरेबिया किंवा इराणमधून आले आणि तेलाच्या पैशासाठी त्यांनी मूळ कागद दडवले. काहींच्या बाबतीत हे खरं असेलही. पण आजोबांनी कागद दडवला असं धरलं, तरी कुवेतमध्येच जन्मलेल्या नातीने काय दडवलं?

आणि आपल्या घरातल्या नातीचा तर एक दावा कुणालाच नाकारता येत नाही: तिची आई कुवेती आहे. तो दावा कायदा ऐकतच नाही. १९५९ च्या कायद्याचं दुसरं कलम सरळ आहे: कुवेती बापाचं मूल कुवेती, मग ते जगात कुठेही जन्मो. तिसरं कलम आणखी बोलकं आहे. कुवेतमध्ये सापडलेलं, आईबाप ठाऊक नसलेलं मूल कुवेती समजायचं. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचून पाहिलं. दारात सोडलेल्या बेवारस लेकराला देश आहे, आणि ते चांगलंच आहे; कोणत्याही लेकराला तो असावा. पण त्याच इस्पितळात, त्याच दिवशी, कुवेती बाईच्या पोटी जन्मलेल्या आणि जिचं नाव, गाव, घराणं सगळं नोंदलेलं आहे अशा आईच्या मुलाला तो नाही. आई माहीत असणं त्याच्या काही कामाचं नाही. बाप माहीत आहे आणि तो बिदून आहे, एवढ्यावर सगळं संपतं.

एक वाट कायद्याने ठेवली होती. पाचव्या कलमात. कुवेती आईचं मूल सज्ञान होईपर्यंत देशातच राहिलेलं असेल, आणि त्याच्या परदेशी बापाने आईला कायमचा तलाक दिला असेल किंवा तो वारला असेल, तर गृहमंत्र्यांच्या शिफारशीने मुलाला नागरिकत्व देता येईल. देता येईल, द्यावंच लागेल असं नाही.

आता या घरातल्या आईच्या जागी बसून पाहा. रात्री मुलं झोपल्यावर नवरा-बायको हिशेब मांडतात. थोरली अभ्यासात हुशार आहे, पुढे विद्यापीठाचा प्रश्न येणार. मधला दहावीच्या वयाला आला, त्याला गाडी चालवायचा परवाना मिळणार नाही, नोकरी मिळाली तर रोजंदारीची. या तिघांना देश मिळवून द्यायचा एक मार्ग आहे, तो म्हणजे आपण वेगळं होणं. तलाक 'बाइन' हवा, म्हणजे मनात आलं म्हणून पुन्हा एकत्र येण्याची सोय नसलेला. मुलांसाठी कागदावर विभक्त झालेली जोडपी कुवेतमध्ये आहेत, हे अभ्यासकांनी आणि संघटनांनी नोंदवून ठेवलं आहे. जी बाई नवऱ्यावर जीव टाकते, तिला चांगली आई व्हायचं असेल तर त्याला सोड म्हणून कायदा सुचवतो. सोडल्यावरही हातात शिफारशीची आशा, हुकूम नाही. कुटुंबव्यवस्थेचं नाव घेऊन हे नियम राखले जातात आणि त्याच नियमांनी घर मोडतं. मला यात न्यायाचा अंशही दिसत नाही.

मुलगी आणि मुलगा यांचीही वाट इथे फुटते. थोरलीचं लग्न कुवेती मुलाशी झालं, तर तिची मुलं जन्मतःच कुवेती. मधल्याने कुवेती मुलीशी लग्न केलं, तर त्याची मुलं त्याच्यासारखीच बिदून, म्हणजे आईवडिलांचीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बिदून मुलाला पोरगी द्यायला कुवेती घरं कचरतात, आणि बिदून मुलीच्या लग्नाकडे तिचं घर जरा जास्तच आशेने बघू लागतं. तिला कुणाशी संसार करायचा आहे, यापेक्षा तिच्या पोटच्या लेकरांचं काय होईल, हे आधी विचारलं जातं. भावाच्या अंगावर वेगळं ओझं येतं. वडिलांचं नाव पुढे न्यायचं ते त्यानेच, आणि त्या नावाबरोबर 'विना'सुद्धा.

एरवी कुवेती बाई काही मुकी नाही. १६ मे २००५ ला तिने मताचा हक्क मिळवला. २००९ च्या मे महिन्यात चार बायका संसदेवर निवडून गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घटना न्यायालयाने सांगितलं, की पासपोर्ट काढायला बायकोला नवऱ्याची संमती लागणार नाही. २०२० मध्ये बायका न्यायाधीश झाल्या. म्हणजे आपल्या गोष्टीतली आई मत देईल, खटल्याचा निकालही देईल, फक्त आपला देश लेकराला देणार नाही. स्त्रियांवरील भेदभाव संपवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला कुवेत १९९४ मध्ये सामील झालं, ते मुलांच्या नागरिकत्वाचं नेमकं कलम वगळूनच.

हे धर्मामुळे असं कुणी म्हटलं तर इतर अरब देशांकडे पाहावं. इजिप्तने २००४ मध्ये, अल्जीरियाने २००५ मध्ये, मोरोक्कोने २००७ मध्ये आईकडून नागरिकत्व मिळायची सोय केली. आणि बोट दाखवण्याआधी आपलंही पाहावं. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व केवळ बापाकडून मिळायचं. आईकडूनही मिळू लागलं ते १० डिसेंबर १९९२ पासून. त्याआधी एखादी मराठी परिचारिका कुवेतमध्ये परक्या देशाच्या माणसाशी लग्न करून तिथे बाळंत झाली असती, तर आईचा भारत त्या मुलाला हक्काने मिळाला नसता. ब्रिटनमध्येही परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत १९८३ पर्यंत असंच होतं. कायदा बदलता येतो, आणि बदलल्याने कुठलाही देश बुडाला नाही.

रत्नागिरी-रायगडकडे ज्यांच्या घरचं कुणी कुवेतला आहे, त्यांना 'बताका' शब्द ठाऊक असतो. अरबी 'बिताका', कार्ड. जलीब अल शुयूखमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या माणसाकडे ते असतं, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना असतो, खिशात भारताचा पासपोर्ट असतो. त्याचे हाल कमी नाहीत, पण दोन वर्षांनी का होईना तो गावी येतो. बिदूनाच्या हातातल्या कार्डाला 'बिताकत मुराजआ' म्हणतात. मुराजआ म्हणजे कचेरीत पुन्हा पुन्हा जाऊन विचारणा करणं. आपल्या बोलीत खेपा. सन २०१० मध्ये 'बेकायदेशीर रहिवाशांच्या स्थितीचं निराकरण' करायला मध्यवर्ती यंत्रणा उभी राहिली, तिच्याकडे घालायच्या खेपांचं हे कार्ड. त्याची मुदत संपते. नूतनीकरणाला गेलं की काहींना त्यांचं 'खरं' राष्ट्रीयत्व पडद्यावर दाखवलं जातं: तुम्ही इराकी, तुम्ही सौदी. कबूल केलं तर कार्ड मिळेल, पण मग तुम्ही परके. नाही केलं तर कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणजे दवाखाना, शाळा, बँक, सगळीकडे हात हलवत परत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये गृहखात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याने आणखी एक तोड सांगितली: बिदूनांना कोमोरोसचं नागरिकत्व घेऊन द्यायचं. कोमोरोस म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी हिंदी महासागरातली बेटं, जी त्यांनी नकाशावरही पाहिली नसतील. एकदा का कोमोरोसचा पासपोर्ट हाती आला, की कुवेतमधून हद्दपार करायला अडचण उरत नाही, हे बिदूनांना लगेच कळलं.

त्यांनी गप्प बसून सोसलं असंही नाही. १८ फेब्रुवारी २०११ ला जहराजवळच्या तैमा वस्तीत लोक रस्त्यावर आले. पाण्याचे फवारे, अश्रुधूर, धरपकड झाली. त्यानंतर काही सवलती जाहीर झाल्या, जन्मदाखले आणि औषधपाणी यांबाबत. नागरिकत्वाला मात्र हात लागला नाही.

आपल्या घरातला मधला मुलगा आता एकवीस-बावीसचा आहे असं समजू. तो निघतो. पासपोर्ट नसलेला माणूस कसा निघतो, हे वेगळं सांगायला नको. दलाल, खोटे कागद, घरच्यांनी विकलेलं सोनं. सोनं बहुतेक आईचं. पोहोचतो ब्रिटनला, जिथे बिदूनांचे आश्रयाचे अर्ज बरीच वर्षं येत आहेत.

तिथे त्याला एक नवीनच प्रश्न भेटतो. २०१३ मध्ये ब्रिटनच्या वरिष्ठ लवादाने बिदूनांविषयी मार्गदर्शक निवाडा दिला. त्याचं सार असं: ज्याच्याकडे कार्ड आहे, त्याला परत पाठवलं तर छळाचा खरा धोका दिसत नाही; ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याला धोका आहे. आणि बहुतेक बिदूनांकडे कार्ड असतं, हेही लक्षात घ्यायचं.  सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर. नसलेला कागद नाहीच, हे दाखवायला तो कोणता कागद आणणार? कुवेतने जन्मभर 'तू आमचा आहेस हे दाखव' म्हटलं. ब्रिटनमध्ये आपण कुवेतचेच आहोत हे दाखवायचं, शिवाय कुवेतमध्ये आपल्याला कुणी मोजत नव्हतं हेही दाखवायचं. कुवेतचे म्हणवणाऱ्या अर्जदारांच्या बोलीची तपासणी करायची पद्धतही तिथे वापरली गेली: बोलण्याची ध्वनिफीत ऐकून जाणकार सांगणार, ही ढब कुवेतची की दक्षिण इराकची. ज्या टोळ्यांची कुरणंच सीमेच्या दोन्ही अंगांना होती, त्यांच्या जिभेत अशी रेघ कशी सापडावी? आजोळी शुक्रवारी ताटाभोवती जी बोली सगळ्यांची एक होती, ती इथे पुरावा म्हणून तराजूत पडते.

सगळ्यात विचित्र वळण पुढे आहे. या मुलाची आई कुवेती आहे, ही गोष्ट तो मोठ्या अभिमानाने सांगेल. पण कागदपत्रं असलेलं कुवेती आजोळ असणं म्हणजे घरात कागदांशी संबंध आहे, मग याच्याकडे कार्ड कसं नसेल, अशी शंका घ्यायला जागा होते. मायदेशात आईच्या नात्याला किंमत नव्हती. परदेशात ते नातं त्याच्या अंगावर येऊ शकतं. दोन्हीकडे तो आईचा मुलगा म्हणून कुठेच उभा राहत नाही.

मागे राहिलेल्यांवर २०२४ मध्ये आणखी एक घाव बसला, आणि तो वेगळ्या बायकांवर. लग्न करून आलेल्या परदेशी बायकांना आठव्या कलमाखाली कुवेतचं नागरिकत्व मिळत असे. त्या वर्षी सरकारने नागरिकत्वं रद्द करायची मोहीम काढली. मे महिन्यात संसद बरखास्त झालेली, विचारणारं कुणी नाही. हजारो माणसांची नावं राजपत्रात आली आणि त्यात या आठव्या कलमाच्या बायका सर्वाधिक. कुवेती होताना त्यांनी आपला आधीचा देश नियमाप्रमाणे सोडलेला होता. म्हणजे वीस-तीस वर्षं संसार करून, मुलं कुवेती म्हणून वाढवून, त्या बायका उतारवयात 'विना' झाल्या. डिसेंबरमध्ये कायदाच बदलून लग्नातून नागरिकत्वाची वाट बंद केली. मुलीच्या लग्नाकडे आशेने बघणाऱ्या बिदून घरांचीही उरलीसुरली आशा त्यातच बुडाली. नातवंडं कुवेती होतील, लेक नाही.

मोना करीम ही कवयित्री, अनुवादक आणि अभ्यासक याच समाजातली. १९८७ मध्ये कुवेतमध्ये जन्मली, शाळकरी वयातच तिच्या कविता छापून येऊ लागल्या. २०११ मध्ये ती अमेरिकेला शिकायला गेली, तुलनात्मक साहित्यात पीएचडी केली, परत जाता येईना म्हणून तिथेच आश्रय घेतला. अरबीत आणि इंग्रजीत ती लिहिते. बिदूनांविषयी, आणि घरांत मोलमजुरी करणाऱ्या परक्या देशांतल्या बायकांविषयीही. स्वतःला देश नसलेल्या बाईने दुसऱ्याच्या इकाम्याची काळजी करावी, हे मला फार मोठं वाटतं. अकरा-बारा वर्षांनंतर, जानेवारी २०२३ मध्ये, ती घरच्यांना भेटायला कुवेतच्या विमानतळावर उतरली. आत सोडलं नाही. तिथूनच परत पाठवलं. ज्या शहरात जन्मली, त्याच्या दिव्यांपासून काही मैलांवरून ती पुन्हा विमानात बसली.